एलओआर (शिफारसपत्र) लिहून देणाऱ्या सर-मॅडमना थँक्यू कसं म्हणायचं (पहिल्यांदा अप्लाय करणाऱ्यांसाठी)

सप्टेंबर उजाडला की आमच्या सोसायटीतली नाहीतर नात्यातली एकदोन मुलं तरी घरी येतात, ताई परदेशात एमएसला (मास्टर्सला) अप्लाय करायचंय, जरा सांग ना म्हणून. जीआरई (प्रवेशासाठीची परीक्षा) द्यायची का, एसओपी (आपल्याला काय आणि का शिकायचंय ते सांगणारा लेख) कसं लिहायचं, कुठली युनिव्हर्सिटी सेफ आणि कुठली ॲम्बिशियस, एलओआर कोणाकोणाकडून घ्यायचं, सगळं विचारतात आणि मला माहिती असेल तेवढं मी सांगते. पण एलओआर मिळाल्यावर त्या माणसाचे आभार कसे मानायचे हे आजवर मला एकाच मुलीने विचारलं, घणसोलीची होती, आणि तिने विचारलं तेव्हा मला माझे सर आठवले.

माझी तीन पत्रं होती. एक प्रोजेक्ट गाइड मॅडमचं, एक कंट्रोल सिस्टिम्स शिकवणाऱ्या सरांचं आणि एक महापेला पहिल्या नोकरीत जे मॅनेजर होते त्यांचं. मॅडमना आणि मॅनेजरना मी नीट सांगितलं, सरांच्या बाबतीत मात्र म्हटलं रिझल्ट येऊ दे, मग एकदमच पेढे घेऊन जाऊ. रिझल्ट आले, मग लोनची धावपळ, व्हिसासाठी बीकेसीच्या फेऱ्या, बॅगा, आणि ऑगस्टमध्ये मी विमानात. दोन वर्षांनी सुट्टीला आले होते तेव्हा ठाणे स्टेशनला ट्रान्स हार्बरच्या प्लॅटफॉर्मवर सर दिसले, पनवेल गाडीची वाट बघत होते. मी वाकून नमस्कार केला तर म्हणाले, "अगं, तुझं ॲडमिशनचं काय झालं शेवटी? मी सहा ठिकाणी पाठवलं होतं." आवाजात राग अजिबात नव्हता, खरंच जाणून घ्यायचं होतं त्यांना. दोन वर्षं त्यांना माहीतच नव्हतं, आणि सहा हा आकडा मात्र लक्षात होता.

तेव्हा आधी एवढं समजून घ्या की पत्र लिहिणाऱ्याला पुढचं काही कळत नाही. युनिव्हर्सिटी त्यांना निकाल कळवत नाही. पत्र अपलोड केलं की पोर्टलवरून एक ऑटोमॅटिक मेल जातो, की पत्र मिळालं, धन्यवाद, बस. पुढे काय झालं ते फक्त तुम्ही सांगू शकता, आणि माझ्या मते थँक्यूचा निम्म्याहून जास्त भाग हा सांगण्याचाच आहे.

दुसरं म्हणजे, ते काम केवढं असतं ते बघा, कारण ते माहीत असलं तरच आभार मनापासून येतात. अमेरिकेत बहुतेक ठिकाणी तीन पत्रं लागतात, यूकेला बऱ्याचदा दोन. आठ युनिव्हर्सिटींना अप्लाय केलंत तर प्रत्येक सर-मॅडमच्या मेलवर आठ वेगवेगळ्या लिंका जातात. प्रत्येक लिंक उघडायची, नाव, हुद्दा, फोन भरायचा, या मुलाला किती वर्षं आणि कसं ओळखता ते लिहायचं, मग बऱ्याच पोर्टलवर एक तक्ता येतो की हा विद्यार्थी तुम्ही शिकवलेल्यांपैकी वरच्या पाच टक्क्यांत, दहा टक्क्यांत की पंचवीस टक्क्यांत, त्यात ॲनालिटिकल ॲबिलिटी वेगळी, कम्युनिकेशन वेगळं, टीमवर्क वेगळं, आणि शेवटी पत्राची पीडीएफ. एकीकडे भरलेलं दुसरीकडे सहसा आपोआप येत नाही. आणि हे सगळं नेमकं नोव्हेंबर-डिसेंबरात, कारण तिथल्या खूपशा डेडलाइन १ डिसेंबर, १५ डिसेंबर अशा असतात आणि आपल्याकडे त्याच सुमारास सेमिस्टरच्या परीक्षा, ओरल, पेपर तपासणी.

मी एका शनिवारी काही कागद द्यायला कॉलेजला गेले होते तेव्हा मॅडम लॅबमध्ये एकट्याच बसलेल्या, कॉलेजचं नेट गेलेलं म्हणून मोबाइलच्या हॉटस्पॉटवर काम चालू होतं. शेजारी वहीचं एक पान, त्यावर माझ्या आठ युनिव्हर्सिटींची नावं एकाखाली एक, आणि पाच नावांपुढे पेनाने बरोबरची खूण. मला बघून म्हणाल्या, "बरी आलीस, त्या थर्मोकपलचं कॅलिब्रेशन तू परत का केलं होतंस गं? केलेलं आठवतंय, कारण आठवत नाहीये." मी म्हटलं मॅडम, पहिली रीडिंग्ज पंख्याखाली घेतली होती, कोल्ड जंक्शनचं टेंपरेचर हलत होतं. (थर्मोकपल म्हणजे तापमान मोजायची दोन तारांची जोडी, तिच्या एका टोकाचं, म्हणजे कोल्ड जंक्शनचं, तापमान स्थिर लागतं.) त्या "हां, बरोबर" म्हणाल्या आणि परत टाइप करायला लागल्या. शनिवारी दुपारी, स्वतःचा डेटा खर्च करून. हे मी डोळ्यांनी बघितलं म्हणून मला कळलं, बहुतेक मुलांना ते दिसतच नाही.

आता करायचं काय ते सांगते, ज्या क्रमाने वेळ येते त्याच क्रमाने.

हो म्हणाले त्याच दिवशी

सरांनी हो म्हटलं की त्याच दिवशी एक छोटा मेसेज, व्हॉट्सॲपवर चालतो. "सर, पत्र द्यायला हो म्हणालात, खूप आभार. युनिव्हर्सिटींची यादी, तारखा, मार्कशीट आणि प्रोजेक्ट रिपोर्ट रविवारपर्यंत एकाच मेलमध्ये पाठवतो." एवढंच. आणि रविवारी खरंच पाठवायचं. या टप्प्यावर त्यांचं काम हलकं करणं हेच थँक्यू आहे. डेडलाइनच्या क्रमाने यादी, तुम्ही त्यांच्याकडे कुठला विषय कोणत्या सेमला शिकलात, किती मार्क पडले, कुठलं काम त्यांच्यासमोर केलंत, हे सगळं एका पानावर. खूप ठिकाणी सर म्हणतात ड्राफ्ट तूच लिहून आण, तेव्हा मी तरी मुलांना सांगते की पूर्ण पत्र लिहू नका, मुद्दे द्या, प्रसंग द्या, शब्द त्यांचे असू देत. युनिव्हर्सिटीला पत्र त्यांच्याकडून हवं असतं, आणि तुमच्या एसओपीची आणि पत्राची भाषा एकच असली तर वाचणाऱ्याच्या लक्षात येतं.

दिवाळी नेमकी या मधल्या काळात येते आणि मुलांच्या आया फराळाचा मोठा डबा तयार ठेवतात. दरवर्षी देत असाल तर यंदाही जरूर द्या, पण फक्त यंदाच देणार असाल तर थांबा. पत्र हातात पडायच्या आधी दिलेली वस्तू घेताना सरांनाही अवघडल्यासारखं होतं, मग तो डबा कितीही प्रेमाने केलेला असो.

पत्र जमा झालं की

हा सगळ्यात महत्त्वाचा टप्पा आणि हाच सगळ्यात जास्त चुकतो, कारण सगळे रिझल्टसाठी थांबतात. थांबू नका. त्यांचं काम डिसेंबरात संपलं, तुमचं नशीब मार्चमध्ये ठरणार, दोन्हीचा संबंध नाही. पोर्टलच्या चेकलिस्टमध्ये पत्रासमोर "रिसीव्ह्ड" दिसायला लागलं की दोनतीन दिवसांत मेल गेला पाहिजे. तुमच्या तारखा १ डिसेंबरपासून जानेवारीपर्यंत पसरलेल्या असतील तर पहिलं पत्र गेल्यावर एक ओळ लिहा आणि शेवटचं गेल्यावर पूर्ण मेल.

मेलच. व्हॉट्सॲपवरचं हात जोडलेलं चित्र नको. व्हॉट्सॲप खाली सरकत जातं, मेल राहतो, आणि मला माहीत असलेल्या एक मॅडम असे मेल वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवतात. प्रत्येकाला वेगळा मेल लिहा, तिघांना एकत्र टाकून "रिस्पेक्टेड सर्स अँड मॅडम" असं करू नका, त्यातून आणखी कोणाकोणाकडून पत्र घेतलं तेही उघड होतं आणि आपण एकदाच लिहून मोकळे झालो तेही दिसतं. विषयात साधं लिहा, "पत्रासाठी आभार" आणि पुढे तुमचं नाव, बॅच.

आत काय लिहायचं? काम झालं हे कळवायचं, म्हणजे त्यांची ती लिंकांची कटकट डोक्यातून जाते. मग एक, फक्त एक खरी गोष्ट, जी दुसऱ्या कोणालाच लिहिता येणार नाही. आणि पुढे कधी कळवणार ते. मी मॅडमना लिहिलेला मेल इंग्रजीत होता, मराठीत साधारण असा:

"आदरणीय मॅडम, सादर नमस्कार. आज शेवटच्या युनिव्हर्सिटीच्या पोर्टलवरही तुमचं पत्र जमा झालेलं दिसलं, आठही पूर्ण झाली. परीक्षांच्या गडबडीत तुम्ही शनिवारी बसून हे केलंत, मी ते पाहिलं आहे. थर्मोकपलची रीडिंग्ज चुकली तेव्हा तुम्ही रिपोर्ट माघारी न देता 'पंखा बंद करून बघ' एवढंच म्हणालात, मोजमाप करताना आजूबाजूला काय चाललंय ते बघायची सवय मला तिथून लागली. निकाल फेब्रुवारीपासून यायला लागतील, जो काही असेल तो मी तुम्हाला कळवीन. आपली विद्यार्थिनी."

इंग्रजी येत नाही म्हणून घाबरू नका, सर मराठी असतील तर मराठीत लिहा, छान वाटतं. उलट चॅटजीपीटीकडून घेतलेला चार परिच्छेदांचा गोडगोड मेल वर्षाला वीस मुलांकडून आला की सगळे सारखेच दिसतात.

या मेलमध्ये काही गोष्टी घालायच्या नाहीत. नवीन काम घालायचं नाही, म्हणजे "थँक्यू सर, आणि अजून दोन युनिव्हर्सिटी ॲड केल्यात" असं अजिबात नको, ते वेगळ्या मेलने, वेगळ्या दिवशी मागा. आणि पत्रात काय लिहिलं ते विचारायचं नाही. अमेरिकेत फर्पा नावाचा १९७४ चा कायदा आहे, त्यात विद्यार्थ्याला स्वतःचे रेकॉर्ड बघायचा हक्क मिळतो, पण अप्लाय करताना आपण बहुतेक सगळेच "हे पत्र बघायचा हक्क मी सोडतो" यावर टिक करतो, म्हणजे लिहिणाऱ्याला मोकळेपणाने लिहिता यावं. टिक केलंय ना, मग आडून आडून विचारणं बरोबर नाही. त्यांनी आपणहून दाखवलं तर गोष्ट वेगळी.

मॅनेजरला लिहिताना जरा जपून. ऐरोली, महापे, तुर्भे या पट्ट्यात आयटीत काम करणारी खूप मुलं मॅनेजरकडून पत्र घेतात, आणि बऱ्याचदा तुम्ही जायच्या तयारीत आहात हे फक्त त्या मॅनेजरला माहीत असतं, एचआरला नाही. तेव्हा ऑफिसच्या मेलवर "माझ्या एमएससाठी" वगैरे लिहू नका, त्यांचा पर्सनल मेल विचारून घ्या, सीसीमध्ये कोणीही नको. नाहीतर जेवायच्या सुट्टीत पाच मिनिटं मागून समोरासमोर बोला, तेही उत्तम. लिंक्डइनवर टॅग करून आभार मानायचे असतील तर आधी विचारा, बऱ्याच सरांनाही ते नको असतं, कारण दुसऱ्या दिवसापासून अनोळखी मुलांचे मेसेज सुरू होतात.

आणि ज्यांनी पत्र उशिरा दिलं, तीनदा आठवण केल्यावर शेवटच्या रात्री अकरा वाजता अपलोड केलं, त्यांनाही हाच मेल. उशिराचा उल्लेखही नको. ज्यांनी सुरुवातीलाच "मी तुला तेवढं ओळखत नाही, दुसऱ्या कोणाकडून घे" असं सांगितलं त्यांनाही एक ओळ लिहा, कोमट पत्र देण्यापेक्षा त्यांनी तुमचं भलंच केलंय.

रिझल्ट आल्यावर

साधारण फेब्रुवारी ते एप्रिल. प्रत्येक निकालाला मेसेज टाकत बसू नका, पहिला ॲडमिट आला की एक, आणि कुठे जायचं ते नक्की ठरलं की एक, दोन पुरे. असिस्टंटशिप (युनिव्हर्सिटीतच पगारी काम) किंवा फेलोशिपची (शिष्यवृत्तीची) ऑफर असेल तर अमेरिकेतल्या पुष्कळ युनिव्हर्सिटी १५ एप्रिलपर्यंत निर्णयाला वेळ देतात, तेव्हा तुमचं पक्कं उत्तर त्याच सुमारास ठरतं. मेलमध्ये युनिव्हर्सिटीचं नाव, कोर्स, फंडिंग मिळालं असेल तर तेही लिहा. त्यांना पुढच्या बॅचच्या मुलांना सांगायला ते कामाला येतं.

रिजेक्ट आले तर? यावर मला जास्त बोलायचंय, कारण इथे मुलं गप्प होतात. सगळीकडून नाही आलं की वाटतं सरांची मेहनत वाया घालवली, आता काय तोंड दाखवायचं. कळव्याचा एक मुलगा, माझ्या मावसभावाचा मित्र, सहाच्या सहा रिजेक्ट, एप्रिल गेला, मे गेला, सरांना काही सांगेना. मी म्हटलं अरे त्यांनी पत्र दिलं तेव्हा तुला ॲडमिशन मिळेलच असं कुठे गृहीत धरलं होतं, त्यांना तू आवडतोस म्हणून दिलं. शेवटी जूनमध्ये गेला एकदाचा. सरांनी सगळं ऐकून घेतलं, यादी मागितली, म्हणाले सगळ्या एकाच उंचीच्या निवडल्यास रे, आणि पुढच्या वर्षी त्याच पत्रात त्याच्या नोकरीतल्या वर्षाची भर घालून परत दिलं. तो गेलाच नसता तर हे कसं झालं असतं? रिजेक्ट कळवताना लांब लिहायचं नाही, रडायचं नाही, युनिव्हर्सिटीला नावं ठेवायची नाहीत. "सर, यंदा कुठे झालं नाही. तुम्ही दिलेल्या वेळेबद्दल आभार आहेतच. पुढे काय करायचं यावर पंधरा मिनिटं बोलायला येऊ का?" बास. आणि पुढच्या वर्षीचं पत्र त्याच मेलमध्ये मागू नका, भेटीत मागा.

जायच्या आधी भेट

अमेरिकेला जाणारे बहुतेक ऑगस्टमध्ये निघतात, त्याआधी जुलैत बऱ्याचदा गुरुपौर्णिमा येते, त्या आठवड्यात भेट ठेवलीत तर वेगळं कारण शोधावं लागत नाही. आधी विचारून जा, लेक्चर कधी नाही ते बघा.

न्यायचं काय, हा प्रश्न सगळ्यांना पडतो. माझं मत अगदी स्पष्ट आहे, महाग काहीही नको. घड्याळ, पेनांचा सेट, गिफ्ट कार्ड, चांदीची वस्तू, यातलं काही नको, त्याने घेणाऱ्यावर ओझं होतं आणि पत्राची किंमत लावल्यासारखं दिसतं. कंपन्यांमध्ये गिफ्ट घेण्याबद्दल नियम असतात म्हणून मॅनेजरना काही देऊच नका, चहा पाजा. बीएआरसीसारख्या सरकारी संस्थेत प्रोजेक्ट केला असेल तर तिथल्या गाइडनाही काही नेऊ नका, पत्र न्या. कॉलेजच्या सर-मॅडमसाठी खायचं काहीतरी, जे सगळ्यांना वाटून खाता येईल. एप्रिल-मेमध्ये भेटायला जात असाल तर वाशीच्या एपीएमसीतून एक डझन हापूस, पेटी नाही, डझन. नाहीतर घरचं काहीतरी. माझ्या आईने नारळाच्या वड्या दिल्या होत्या, स्टीलच्या डब्यात, वर केळीच्या पानाचा तुकडा. मॅडमनी डबा उघडला आणि पहिली हाक लॅब असिस्टंट काकांना मारली, "अहो या, आपली मुलगी चाललीये."

काकांचं नाव निघालं म्हणून सांगते, लेटरहेड आणि शिक्का ज्यांच्यामुळे वेळेत मिळतो ते ऑफिसातले क्लार्क, शिपाई, लॅबमधले काका-मावशी, यांना विसरू नका. माझ्या एका पत्रावर शिक्का राहिला होता आणि ऑफिसची वेळ संपली होती, काकांनी कुलूप परत उघडलं. त्यांना मेल नको असतो, पुढ्यात जाऊन "काका, तुमच्यामुळे वेळेत गेलं, मला मिळालं ॲडमिशन" एवढं सांगा आणि दोन वड्या हातावर ठेवा.

वस्तूपेक्षा हाताने लिहिलेलं पत्र द्या असं मी म्हणेन. ठाण्यात राम मारुती रोडवर किंवा तुमच्या स्टेशनबाहेर कुठल्याही स्टेशनरीच्या दुकानात साधा जाड कागद आणि पाकीट मिळतं. मायना चुकवू नका, तीर्थरूप हे आईवडिलांना, सरांना सरळ "आदरणीय सर, सा. न. वि. वि." आणि खाली "आपला विद्यार्थी". एक पान पुरे. मेलमध्ये लिहिली त्याहून वेगळी एखादी आठवण लिहा, खोडाखोड झाली तरी चालेल.

तिकडे गेल्यावर

पहिली सेमिस्टर संपली की डिसेंबरात एक मेल. कुठले विषय घेतले, त्यांच्या विषयातलं काय उपयोगी पडलं, राहायचं-खायचं कसं चाललंय, दोन ओळी. योगायोगाने तेव्हा ते पुढच्या मुलांची पत्रं लिहीत बसलेले असतात. मी मॅडमना लिहिलं की इन्स्ट्रुमेंटेशनच्या लॅबमध्ये पहिल्याच दिवशी कोल्ड जंक्शन निघालं आणि वर्गात मला एकटीला ते माहीत होतं, तर अर्ध्या तासात उत्तर आलं, "पंखा होता का?" मेलच्या खाली तुमचा कायमचा मेल आयडी आणि नवा नंबर लिहा, कॉलेजने दिलेला आयडी पुढे बंद होऊ शकतो आणि मग त्यांनी लिहिलेलं तुमच्यापर्यंत पोचत नाही.

आणि वेळ निघून गेली असेल तर

एक वर्ष झालं, तीन झाली, तरी लिहा. प्लॅटफॉर्मवर भेटल्यावर त्याच रात्री मी सरांना मेल केला. उशीर का झाला याची कारणं दिली नाहीत, फक्त "तेव्हाच कळवायला हवं होतं, राहून गेलं, माफ करा" एवढी एक ओळ, आणि मग सहाही ठिकाणांचं काय झालं ते एकेक करून लिहिलं, चार नाही, दोन हो, त्यातलं कुठलं घेतलं आणि का, आणि त्यांनी रूट लोकस (कंट्रोल सिस्टिम्समधला एक आलेख) हाताने काढायला लावला होता तो तिथल्या परीक्षेत कसा कामी आला. सर रिटायर झाले असतील आणि मेल परत येत असेल तर डिपार्टमेंटच्या ऑफिसात जा, आपलं नाव आणि बॅच सांगा आणि पत्र बंद पाकिटात तिथे द्या, पत्ता किंवा नंबर मागू नका, ते पोचवतात किंवा सरांना विचारून तुम्हाला कळवतात. माझ्या सरांचा मेल चालू होता. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला उत्तर आलेलं, त्यात विचारलं होतं की ज्या चार ठिकाणी नाही म्हणाले त्यांतल्या दोन यंदा एका मुलीच्या यादीत आहेत, तिने टाकाव्यात की नको.